अहो, जरा मागच्या दारी या

गद्र्यांच्या सुभेदाराला भित्रा म्हणणं हा भित्र्या कुत्र्यांवर अन्याय होता. भित्रा कुत्रा निदान भुंकून पळतो. सुभेदार न भुंकता पळायचा. त्यामुळे तो पळालाय हे घरच्यांना बऱ्याच वेळाने, त्याची जेवणाची थाळी तशीच राहिलेली पाहून कळायचं.

नाव शरच्चंद्र गद्रे यांनी ठेवलं होतं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी धायरीत रो-हाउस घेतलं. घर आलं म्हणजे राखण आली, म्हणून एक पिल्लू आणलं. पिल्लू देणाऱ्याने त्याची आई जर्मन असल्याचं सांगितलं आणि वडिलांचा विषय टाळला. छातीवरचा पांढरा पट्टा पाहून गद्र्यांना एकदम पदकाची आठवण झाली आणि त्यांनी त्याला भरतीच सुभेदाराच्या हुद्द्यावर केलं.

पुढे सुभेदार मोठा झाला आणि त्याच्यासोबत त्याची भीतीही. कुकरची शिट्टी, उघडणारी छत्री, भंगारवाल्याचा भोंगा, उभा केलेला झाडू आणि स्वतःला लागलेली उचकी या सगळ्यांना तो घाबरत असे. दिवाळीत तो पलंगाखाली राहायला जाई. उभ्या आयुष्यात हजारो तोफगोळे नजरेखालून घातलेले गद्रे तेव्हा फरशीवर बसून, पलंगाखाली हात घालून त्याची पाठ थोपटत. आपण आयुष्यभर कशाची नोकरी केली हे त्यांनी त्याला कधी कळू दिलं नाही.

या कुत्र्याचं जगात एकच राज्य होतं, ते म्हणजे मागचं अंगण. पुढचं अंगण मोटारीने अडवलं होतं आणि रस्त्यावर गल्लीतल्या कुत्र्यांची सत्ता होती. मागे मात्र धुण्याचा दगड, तुळस आणि एक कढीपत्त्याचं झाड एवढाच मुलूख होता. त्या झाडाखाली तो सकाळ-संध्याकाळ आपला कारभार उरकायचा. गद्र्यांच्या आमटीत कढीपत्ता वरच्या फांद्यांचा पडायचा, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

त्याच्यावर खरा जीव होता तो श्यामलाबाईंचा. गद्र्यांच्या या पत्नी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि माणसांबद्दल त्यांना फारशा अपेक्षा उरल्या नव्हत्या. सुभेदाराला मात्र त्या दूधभात स्वतःच्या हाताने कालवून द्यायच्या, आणि तो घाबरला की त्याला कोणी हसलेलं त्यांना खपायचं नाही.

मग घरात सून आली. तेजस्विनी धायरी गावठाणातल्या दत्तोबांची मुलगी. दातांची डॉक्टर. सिंहगड रस्त्यावर तिचा दवाखाना होता. गद्र्यांचा वरद खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. दोघं कॉलेजपासून बरोबर. लग्नाबद्दल दोन्ही घरांनी ‘आमचं काही म्हणणं नाही’ असं सांगितलं होतं, म्हणजे बरंच म्हणणं होतं. पण शेवटी मतभेद उरला तो एकाच शब्दाचा. श्यामलाबाईंचं म्हणणं, निदान चारचौघांत तरी सुनेने वरदला ‘अहो’ म्हणावं. तेजस्विनीचं म्हणणं, ज्या मुलाला आपण ‘वरद्या, गाढवा’ म्हणत इतकी वर्षं काढली, त्याला पाहुणे आले की ‘अहो’ म्हणणं हा पाहुण्यांची फसवणूक करण्याचा प्रकार आहे. यावर भांडण झालं नाही. पुण्यात अशा गोष्टींवर भांडत नाहीत. श्यामलाबाई फक्त सुनेसमोर स्वतःच्या नवऱ्याला जास्त वेळा आणि जास्त स्पष्ट ‘अहो’ म्हणू लागल्या. पूर्वी दिवसातून दहा-वीस वेळा म्हणत असतील, ते आता चहा गाळतानाही म्हणायला लागल्या.

कोंबड्या आल्या त्या दत्तोबांमुळे. त्यांनी गावठाणातलं जुनं घर बिल्डरला दिलं आणि त्याच जागेवरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेले. त्यांची आई मथुराबाई सोबत गेल्या आणि मथुराबाईंच्या चार गावरान कोंबड्याही. कोंबड्यांची सोय बाल्कनीत केली होती. एके दिवशी त्यांतली एक बाल्कनीतून खाली उतरली ती थेट सोसायटीच्या चेअरमनच्या गाडीच्या टपावर. नोटीस आली. दत्तोबांकडे उपाय साधा होता, आणि तो येत्या रविवारी अमलात येणार होता. मथुराबाईंनी जेवण सोडलं. शेवटी तेजस्विनीने आजीचा हात हातात घेऊन शब्द दिला की चौघी माझ्याकडे राहतील आणि त्यांना कोणी सुरी लावणार नाही.

गद्र्यांच्या घरात आजवर अंडं आलं नव्हतं. निदान श्यामलाबाईंच्या माहितीत तरी नव्हतं. त्यांनी बराच विचार करून होकार दिला, कारण सुनेने लग्नानंतर मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. अटी घातल्या. अंडं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. त्याचा तवा वेगळा, उलथनं वेगळं, आणि दोन्ही मागच्या नळावर घासायची. मागच्या ओट्यावर एक शेगडी मांडली गेली. पहिल्याच आठवड्यात गद्रे तिथे उभे राहून काहीतरी चघळताना दिसले. विचारल्यावर म्हणाले, माल तपासत होतो. नोकरीची सवय.

सुभेदाराला यातलं काहीच कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या सकाळी तो नेहमीप्रमाणे जांभई देत मागच्या दारातून बाहेर पडला आणि कढीपत्त्याखाली चार अनोळखी बाया माती उकरताना दिसल्या. त्यातली तांबूस, मानेवर पिसं नसलेली, सगळ्यांत वयस्कर कोंबडी पुढे आली. तिला गद्र्यांनी पुढे ‘अध्यक्षा’ असं नाव दिलं, कारण ती कोणाचंही म्हणणं ऐकून घ्यायच्या आधीच मान हलवायची. अध्यक्षांनी कुत्र्याला एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि दोन्ही डोळ्यांचं एकमत झाल्यावर त्याच्या नाकावर टोच मारली. सुभेदार आत गेला तो सोफ्याखाली. सोफ्याखाली तो मावत नव्हता. तरी मावला.

त्यानंतर तो मागच्या अंगणात जाईना. कोंबड्यांना खुराड्यात कोंडून पाहिलं, पण त्या आतून जे आवाज काढत, त्यावरून आत कोण असेल याची त्याने स्वतःची कल्पना केली आणि ती कोंबड्यांपेक्षा मोठी निघाली. गद्र्यांनी त्याला उचलून बाहेर नेलं. त्याने डोळे मिटून घेतले, पाय पोटाशी घेतले आणि काहीच केलं नाही. रस्त्यावर नेला तर फाटकाला पाय लावून उभा राहिला. तो दिवसदिवसभर आपला कारभार धरून ठेवायचा. हॉलच्या मधोमध बसून, परीक्षा संपायला अजून तास असलेल्या विद्यार्थ्यासारखा चेहरा करून शून्यात पाहायचा.

आणि मग धरवेना. पहिला प्रसंग पायपुसण्यावर झाला, ते धुतलं. दुसरा वरदच्या जिमच्या बॅगेत झाला. तो उशिरा उघडकीला आला, कारण ती बॅग वरदने अनेक महिन्यांत उघडलीच नव्हती. तिसरा देवघरासमोर झाला.

श्यामलाबाईंनी कुत्र्याला काही म्हटलं नाही. फरशी पुसली, गोमूत्र शिंपडलं आणि काही क्षण त्या दोन द्रवांमधल्या फरकाचा विचार करत उभ्या राहिल्या. मग त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, असं धरून ठेवत राहिला तर मूत्रपिंडं जातील. घरी आल्यावर त्यांनी सुनेला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. रविवारपर्यंत सुभेदार स्वतःच्या पायांनी मागे जाऊन आला तर ठीक. नाहीतर कोंबड्या दत्तोबांकडे परत. तेजस्विनी म्हणाली, आई, आबांकडे परत म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. श्यामलाबाई म्हणाल्या, माहितीय, आणि मला वाईट वाटेल. पण कोंबड्या मरतील म्हणून मी कुत्रा मारू शकत नाही.

दत्तोबांना फोन गेला. रविवारी दुपारी येतो म्हणाले. फोनमध्ये मागे मिक्सर चालू असल्याचा आवाज येत होता. तो कशाचा हे तेजस्विनीने विचारलं नाही.

आठवडा प्रयोगांत गेला. वरदने एका श्वानतज्ज्ञाचे व्हिडिओ पाहिले. भीतीच्या वस्तूची थोडी थोडी सवय करावी, असं त्यात होतं. म्हणून त्याने कुत्र्याच्या गादीत कोंबडीचं पीस ठेवलं. सुभेदाराने गादी सोडली. मग ब्लूटूथ स्पीकरवर कोंबड्यांचा आवाज अगदी बारीक लावला. सुभेदाराने ती खोली सोडली, आणि आवाज ऐकून मागच्या अंगणातल्या अध्यक्षा मात्र दार ढकलून आत आल्या. त्या स्पीकरवर बसल्या. वरदने अहवाल दिला की अर्धा प्रयोग यशस्वी झालाय.

गद्र्यांचा भर समजावण्यावर होता. ते सोफ्यासमोर वर्तमानपत्र अंथरून बसत आणि सोफ्याखाली व्याख्यान देत. ज्याला आपण घाबरतो ते बहुतेक वेळा फुसकं असतं, हे मी सरकारी अनुभवावरून सांगतो, असं काहीसं. सोफ्याखालून लक्षपूर्वक ऐकल्याचा श्वास येई, बाकी काही नाही.

तेजस्विनीला घाबरलेल्यांचा अनुभव होता. खुर्चीत बसल्यावर तोंड न उघडणारे धिप्पाड पुरुष तिने रोज पाहिलेले होते, आणि भित्र्याशी चर्चा करायची नसते हे तिला ठाऊक होतं. त्याच्या ओळखीचं काहीतरी शोधायचं असतं. कोणाचं मुलांचा विषय काढला की तोंड उघडतं, कोणाचं क्रिकेटचा. पण या कुत्र्याच्या ओळखीचं काय, हे तिला सापडत नव्हतं. ‘सुभेदार’ अशी हाक मारली की तो आणखी आत सरकायचा.

सापडलं ते शनिवारी सकाळी. गद्रे बँकेत गेले होते. तेजस्विनी ओट्याशी कॉफी करत होती. श्यामलाबाईंनी फडताळाकडे पाहून सवयीने हाक मारली, अहो, तो वरचा डबा काढून द्या जरा. मग नवरा घरात नसल्याचं आठवून त्यांनी स्वतःशीच ‘च्च’ केलं आणि देवपूजेला निघून गेल्या. तेजस्विनीने सहज दाराकडे पाहिलं. दारात सुभेदार उभा होता. सोफ्याखालचं सगळं जळमट अंगावर घेऊन आला होता. आणि तो वरच्या डब्याकडे बघत होता.

तिने कॉफी खाली ठेवली. हळूच म्हणाली, “सुभेदार.” तो वळून सोफ्याखाली गेला.

थोडं थांबून ती म्हणाली, “अहो.”

तो आला.

विचार केला तर यात आश्चर्य नव्हतं. या घरात ‘सुभेदार’ हे नाव कपाटात ठेवलेल्या सुटासारखं होतं, प्रसंगी बाहेर काढायचं. आणि प्रसंग म्हणजे त्याने काही फाडलं, सांडलं किंवा ओलं केलं तो. उलट ‘अहो’ दिवसभर चालू. ‘अहो’ म्हटलं की चहा होतो, ‘अहो’ म्हटलं की दार उघडतं, ‘अहो’ म्हटलं की बिस्कीट खाली पडतं. कुत्र्याने साधा हिशेब केला होता की आपलं नाव अहो. हाक येई तेव्हा गद्रेही उठत असत, त्यामुळे कुत्रा गद्र्यांच्या मागे जातोय असंच सगळ्यांना वाटे. खरं तर तो आधी उठायचा. मागे गद्रे जायचे.

तेजस्विनीपुढे आता पेच होता. जो शब्द तिने नवऱ्यासाठी काढायचं नाकारलं, आणि तत्त्व म्हणून नाकारलं, तो कुत्र्यासाठी काढायचा. सासूबाईंना सांगावं तर त्यांच्या इतक्या वर्षांच्या पवित्र हाकेवर एक केसाळ प्राणी हक्क सांगतोय, हे त्या कशा घेतील याची खात्री नव्हती. आधी करून तरी बघू, असं तिने ठरवलं.

दुपारी पुणं झोपतं. गद्रे घोरत होते, श्यामलाबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, वरद वरती कानात यंत्रं घालून कोणाशी तरी इंग्रजीत ‘लूपमध्ये’ होता. तेजस्विनी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

“अहो, या ना बाहेर.”

दारात आधी नाक आलं. मग बऱ्याच वेळाने मागचा कुत्रा आला. अध्यक्षांनी उकरणं थांबवून मान वर केली. कुत्रा जागीच थिजला.

“घाबरता काय? मी आहे ना इथे. अहो, या.”

तो भिंतीला घासत घासत निघाला. चारही कोंबड्या काय चाललंय ते बघायला रांगेत जमल्या. कढीपत्त्यापाशी पोचल्यावर त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तो नुसताच उभा राहिला.

“अहो, पाय उचला. हं. शाब्बास. होऊ द्या सावकाश.”

सावकाशच झालं. इतका वेळ चाललं की कोंबड्या कंटाळून निघून गेल्या. सुभेदाराच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दातांच्या डॉक्टरला असं समाधान कोणाच्या चेहऱ्यावर सहसा पाहायला मिळत नाही.

भिंतीपलीकडे यमुनाबाई राहतात. त्या दुपारी झोपत नाहीत. कधीच झोपत नाहीत, असंही काहींचं म्हणणं आहे. त्यांना भिंतीवरून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. संध्याकाळी त्यांनी श्यामलाबाईंना भाजीवाल्यापाशी गाठलं आणि अभिनंदन केलं. सून मार्गी लागली म्हणाल्या. आज दुपारी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ‘अहो, या ना, घाबरता काय’ म्हणत होती वरदला. काय गोड आवाज. पुढे त्याच्याकडून काही व्यायाम करून घेत होती बहुतेक, पाय उचला म्हणाली. तेवढं काही मला कळलं नाही.

श्यामलाबाई भाजी तिथेच विसरून घरी आल्या. रात्री साजूक तुपातला शिरा झाला. वरदच्या ताटात तो दोनदा पडला. वरदला आपला रक्ताचा रिपोर्ट वाईट आल्याची शंका आली आणि तो खात राहिला. जेवण झाल्यावर श्यामलाबाईंनी सुनेच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाल्या, राहू दे, मी करते. मग जराशा अवघडून म्हणाल्या की यमुनाबाई म्हणत होत्या. मला बरं वाटलं गं. मी पुन्हा तो विषय काढणार नव्हते.

तेजस्विनीने तोंड उघडलं आणि मिटलं. आतापर्यंत हे तिने फक्त इतरांना करताना पाहिलं होतं.

वर जाऊन तिने एक योजना आखली. उद्या सगळ्यांसमोर तिला ‘अहो’ म्हणावंच लागणार होतं, त्याशिवाय कुत्रा बाहेर येणार नव्हता, आणि कुत्रा आला नाही तर चौघी आबांच्या डालग्यात. पण हाकेसरशी वरदही बाहेर आला, तर हाक त्याला होती असं दिसेल. आईंचा शिरा वाया जाणार नाही, आणि कोंबड्याही राहतील. तिने वरदला फक्त एवढंच सांगितलं की उद्या मी मागून हाक मारली की लगेच ये. वरद म्हणाला, येतो ना, त्यात काय.

रविवारी दुपारी दत्तोबा आले. हातात बांबूचं डालगं, पायात नव्या चपला. मथुराबाई आल्या नव्हत्या. त्या काल रात्रीपासून भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, असं दत्तोबांनी सांगितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. श्यामलाबाईंनी त्यांना मागच्या अंगणात खुर्ची दिली. गद्रे दुसऱ्या खुर्चीत. वरद हॉलमध्ये, दारातून दिसेल असा, फोनवर. सुभेदार सोफ्याखाली. कोंबड्यांनी डालगं ओळखलं होतं. त्या कढीपत्त्यापाशी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि अध्यक्षा आज कोणाकडेच मान हलवत नव्हत्या.

“विहीणबाई, मला बी काय आनंद न्हाय ह्यात,” दत्तोबा म्हणाले. “पर जनावर ते जनावर. कुत्र्याला न्हाय जमत, तर न्हाय.”

श्यामलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. तेजस्विनी धुण्याच्या दगडापाशी उभी राहिली, दाराकडे तोंड केलं, आणि दवाखान्यात ‘आता जरासं दुखेल’ म्हणते त्या आवाजात म्हणाली,

“अहो, जरा मागच्या दारी या.”

गद्रे खुर्चीतून उठले. गेल्या कित्येक वर्षांत या हाकेला ते उठले नाहीत असं झालंच नव्हतं, आणि हाक कोणाच्या आवाजात आली हे पाहायचं त्यांना सुचलं नाही. ते आधीच मागच्या दारी होते, म्हणून उठून तिथेच उभे राहिले.

सोफा हलला. सुभेदार बाहेर आला. उंबऱ्यावर त्याने डालगं पाहिलं, नव्या चपला पाहिल्या, चार कोंबड्या पाहिल्या. 

वरदने फोनवरून मान वर केली नाही.

“अहो,” तेजस्विनी म्हणाली, आता जरा जोरात. “मी आहे ना इथे.”

सुभेदाराने उंबरा ओलांडला. दत्तोबांच्या खुर्चीला वळसा घालून, भिंत न धरता, तो अंगणाच्या मधून कढीपत्त्याकडे गेला. कोंबड्या हलल्या नाहीत. अध्यक्षा अगदी वाटेत होत्या. तो थांबला, खाली बसला आणि जागा होण्याची वाट पाहू लागला. अध्यक्षांनी त्याला एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने, आणि पाऊलभर बाजूला झाल्या. त्याने उठून झाडाखाली आपला कारभार केला. मग मागच्या पायांनी दोनदा माती उडवली, आणि शेपूट, जी आठवडाभर पोटाखाली होती, ती बाहेर काढून हलवली.

 श्यामलाबाईंनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, मग दारातून दिसणाऱ्या मुलाकडे, ज्याचा अंगठा फोनवर फिरत होता. गणिताच्या बाई होत्या. उत्तर यायला वेळ लागला नाही.

“ती हाक कोणाला होती?”

तेजस्विनीला खोटं बोलता आलं असतं. पण समोर कुत्रा शेपूट हलवत उभा होता.

“सुभेदारांना. त्यांना वाटतं, त्यांचं नाव अहो आहे.”

“काल दुपारीसुद्धा?”

“हो, आई.”

“पाय उचला, ते?”

“तेही त्यांनाच.”

“मग मी कशाला उठलो?” गद्र्यांनी विचारलं आणि ते पुन्हा बसले.

“म्हणजे माझ्या मुलाला अरे,” श्यामलाबाई सावकाश म्हणाल्या, “आणि माझ्या कुत्र्याला अहो.”

“कुत्रा एका हाकेत येतो, आई.”

दत्तोबा हसू दाबत डालग्याच्या काड्या मोजू लागले. श्यामलाबाई दाराकडे वळल्या. “वरद,” त्यांनी हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारल्यावर आतून आवाज आला, “आलो, दोन मिनिटं.”

त्या धुण्याच्या दगडावर बसल्या. पदराने तोंड पुसायला लागल्या, आणि त्यांचे खांदे हलताना पाहून तेजस्विनी घाबरून पुढे झाली. जवळ गेल्यावर कळलं की बाई हसत होत्या. आवाज न करता, जसा त्यांचा कुत्रा पळायचा तशा. सुभेदार त्यांच्याजवळ आला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे, दोन हातांवर, कोंबड्या पुन्हा उकरायला लागल्या. त्याने त्यांच्याकडे एकदा वळून पाहिलं आणि तसाच राहिला.

“मी शब्द दिला होता, तो गेला तर ठीक,” श्यामलाबाई म्हणाल्या. “तो गेला. दत्तोबा, चहा घेऊन जा. कोंबड्या मिळायच्या नाहीत.”

“ऱ्हाऊ द्या की,” दत्तोबा म्हणाले. मग न राहवून पुढे म्हणाले, “म्हातारीला फोन लावून द्या जरा. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाय.”

फोन लावला. मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि नंतर एवढंच विचारलं की कुत्र्याला अहो म्हणतात, तर मग ते नोकरीला कुठे असतात.

सुभेदार शूर झाला, असं काही नाही. अध्यक्षांनी पंख झटकले की तो अजून दचकतो. पण आता तो आत पळत नाही. दचकून झालं की जिथल्या तिथे बसतो आणि त्यांचं चालू असलेलं संपायची वाट पाहतो. दुपारच्या उन्हात त्याच्या सावलीला एखादी कोंबडी येऊन बसते. तेव्हा तो श्वाससुद्धा बेताने घेतो.

अडचण झाली ती वेगळीच. श्यामलाबाईंनी घरात ‘अहो’ म्हटलं की कुत्रा उठून मागच्या अंगणात जायला लागला. दिवसातून तीस-चाळीस वेळा, आणि गेल्यावर काहीतरी करणं त्याला कर्तव्य वाटायचं. कढीपत्ता पिवळा पडायला लागला. हाक एकाचीच ठेवणं भाग होतं, आणि कोणाची ठेवायची यावर श्यामलाबाईंनी फार विचार केला नाही. एकाची मूत्रपिंडं त्यावर अवलंबून होती, दुसऱ्याची नव्हती.

महिन्याभराने एका सोमवारी सकाळी त्यांनी चहा गाळला, घसा साफ केला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला नावाने हाक मारली.

“शरच्चंद्र.”

हॉलमध्ये वर्तमानपत्र हललं नाही.

“शरच्चंद्र, चहा.”

गद्रे वर्तमानपत्र खाली करून दाराकडे बघत राहिले. मग उठून, दाराशी कोण आलंय ते पाहून आले. परत येऊन बसले, तेव्हा चहा समोर होता आणि बायको तशीच उभी होती. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. त्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी ते हाक आल्याबरोबर उठले, आणि त्यासाठी म्हणे जरा लवकरच दाढी केली होती.

बुधवारी यमुनाबाईंनी भिंतीवरून विचारलं की गद्रेवहिनी, तुमच्याकडे ते शरच्चंद्र म्हणून कोण आलेत?

“पाहुणे आहेत,” श्यामलाबाई मिरच्या वाळत घालता घालता म्हणाल्या. “स्वभावाने बरे वाटतात. राहतील म्हणतायत.”